आजोबांना तिकडे का पाठवलं नाही

तुम्ही दोघांनी मागितलेली गोष्ट मी नाकारली, आणि तीही फोनवर, याचं मला वाईट वाटतं. फोनवर मला नीट बोलता येत नाही. तुमचा चेहरा मध्येच थबकतो, आवाज पुढे निघून जातो, आणि मी भलत्याच क्षणी 'नाही' म्हणून बसते. म्हणून लिहून काढते आहे. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, तेव्हा तुमचा बाबा वाचून दाखवेल. वाचताना तो थांबला तर थांबू द्या. 'पुढे काय' म्हणून त्याच्या मागे लागू नका.

तुमचं म्हणणं असं होतं: आजोबांच्या अस्थी समोआला पाठवाव्यात, आणि तुमच्या घरापुढच्या अंगणात, घरमालकीणबाईंच्या सासऱ्यांच्या थडग्याशेजारी, आजोबांचाही ओटा बांधावा. धाकटीने शिंपल्यांनी जागासुद्धा आखून ठेवली होती. थोरला म्हणाला, "आजी, आजोबा स्वतः म्हणाले होते." खरं आहे. म्हणाले होते. मी तिथेच उभी होते.

अस्थी जवळजवळ वर्षभर इथे इंग्लंडमध्ये, या रीडिंगच्या घरातच होत्या. फ्युनरलवाल्यांनी दिलेला डबा मी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवला होता, टॉवेलांच्या वरच्या फळीवर. घरातली ती सगळ्यात उबदार जागा. इथली थंडी त्यांना कधीच मानवली नाही. सकाळी टॉवेल काढताना मी "जरा सरका" म्हणायचे. सवय.

आम्ही दोघं तुमच्याकडे आलो ते तुम्हाला आठवत असेल. लंडनहून अमेरिका, अमेरिकेहून हॉनोलुलू, आणि तिथून आठवड्यात दोनदाच सुटणारं विमान. निघण्याआधी आजोबांनी नकाशात तुमचं बेट शोधलं, तर भिंग घ्यावं लागलं. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही नायजेरियाला निघालो तेव्हा त्याच नकाशावर तो देश माझ्या तळहाताएवढा होता. म्हणाले, "बघ, आधी केवढ्या मोठ्या ठिकाणी हरवलो, आता केवढ्याशा ठिकाणी सापडणार."

तुमच्या दारात मी गाडीतून उतरले तर समोर थडगं. पांढऱ्या टाइल्स, वर पत्र्याचं छप्पर, प्लास्टिकची फुलं, आणि ओट्यावर वाळत घातलेला कोणाचा तरी टॉवेल. आमच्याकडे स्मशानातून आलं की अंघोळ केल्याशिवाय कशाला हात लावत नाहीत. मी सरळ न्हाणीघरात गेले. संध्याकाळी दुकानातून आले, पुन्हा अंघोळ. दुसऱ्या दिवशी चर्चवरून आले, पुन्हा. तुम्ही हसत होतात. शेवटी घरमालकीणबाईंनी तुमच्या आईला विचारलं, "तुझ्या सासूच्या देशात पाणी नाही का?"

तुमच्या आईने कारण सांगितल्यावर त्या हसून हसून त्या ओट्यावरच बसल्या. मग मला हाक मारली. "इकडे या. हा माझा सासरा. जिवंतपणी कोणाला त्रास दिला नाही, आता काय देणार?" जरा थांबून म्हणाल्या, "खरं सांगायचं तर थोडा दिला. घोरायचा."

मी गेले, पण उभीच राहिले. विचारलं, "घरासमोर का? लांब का नाही ठेवत?" त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, "लांब कुठे? समुद्रात? आपलं माणूस आहे, घरीच राहणार."

आजोबांना मात्र पहिल्या दिवसापासून तो ओटा आवडला. सकाळी चहा आणि सुडोकू घेऊन ते तिथेच बसायचे आणि त्या सासऱ्यांना "काय म्हणता आज?" असं मराठीत विचारायचे. तुम्ही दोघं त्यांच्या दोन बाजूंना. एकदा असेच बसले असताना म्हणाले, "मला इथेच ठेवा रे. वारा चांगला आहे, शेजारी अबोल आहे." घरमालकीणबाई गवत काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "या की. याच्याभोवतीचं गवत काढतेच मी, तुमच्याही भोवतीचं काढेन."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. ते वाक्य मी आधी ऐकलं होतं, दुसऱ्या खंडात, जवळजवळ त्याच शब्दांत.

तुमच्या बाबाला एवढंच माहीत आहे की त्याच्याआधी मला एक मुलगी झाली होती आणि ती नायजेरियात गेली. त्याने कधी जास्त विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. आता क्रमाने सांगते.

इबादान हे प्रचंड शहर आहे. टेकड्यांवर टेकड्या आणि त्यांवर गंजक्या पत्र्यांची छपरं, नजर पोचेल तिथपर्यंत. आम्ही त्याच्या एका टोकाला राहायचो. आजोबा शाळेत गणित शिकवायचे, मी इंग्रजी. तुमच्या बेटावर मला जी शांतता मिळाली तिच्या अगदी उलट. पहाटेपासून याम, म्हणजे सुरणासारखे कंद, कांडण्याचे आवाज, कोंबड्या, बस कंडक्टरांच्या आरोळ्या. कोरड्या महिन्यांत वाळवंटाकडून धुळीचा वारा यायचा आणि पुस्तकं, भांडी, पापण्या सगळं एकाच रंगाचं व्हायचं. तुमच्याकडे धूळ नाहीच, तुमच्याकडे बुरशी. तिथे आम्ही कपडे झटकायचो, तुमची आई कपडे उन्हात टाकायला ढगांशी भांडते.

आणि तरीही तुमच्या बेटावर मला सारखं इबादान आठवत होतं. अळू दोन्हीकडे. मी अळूवड्या केल्या तेव्हा तुमच्या घरमालकीणबाई म्हणाल्या, "पान नारळाच्या दुधात शिजवलं की झालं, एवढं गुंडाळून, उकडून, कापून, तळून मिळवलंत काय?" इबादानची माझी शेजारीण, नारळाच्या दुधाऐवजी पामतेल, बाकी शब्दशः हेच म्हणाली होती. दोघींनी मग वड्या संपवल्या. इबादानला प्रत्येक गोष्टीबद्दल नमस्कार असतो: काम करणाऱ्याला, परत आलेल्याला, नुसतं बसलेल्यालाही. तुम्ही ठेचकाळलात तर रस्त्यापलीकडचा अनोळखी माणूसही "सॉरी" म्हणतो, जणू दगड त्यानेच ठेवला होता. तुमच्याकडे सगळे एकमेकांना ओळखतात म्हणून बोलतात. तिथे लाखो माणसं होती आणि ओळख नसली तरी बोलायची. रीडिंगला समोरच्या घरातल्या बाईंचं आडनाव मला त्यांचं घर विकायला निघालं तेव्हा कळलं.

ही शेजारीण कापड विकायची. तिचा नवरा आमच्याच शाळेत कारकून. घर नवऱ्याच्या वडिलांचं, मोठं अंगण, आणि अंगणात मागच्या भिंतीपाशी तिच्या सासूची कबर. म्हणजे हेही तुमच्यासारखंच, त्यांच्यातही आपलं माणूस घरीच ठेवतात. तिची सात-आठ वर्षांची मुलगी माझ्या मुलीला कापडाने पाठीवर बांधून दिवसभर हिंडवायची. तिकडे बाईला तिच्या पहिल्या मुलाच्या नावाने ओळखतात, अमुकची आई. शेजारीण मला तशीच हाक मारायची. माझं स्वतःचं नाव तिला माहीत होतं की नाही, शंका आहे.

माझी मुलगी नुकती धरून उभी राहायला लागली होती. ताप आला, मलेरिया डोक्यात गेला, आणि शेजारणीची गाडी आणि आमची धावपळ काही उपयोगी पडली नाही. एवढंच लिहिते.

आपल्यात एवढ्या लहान मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. दगड लावत नाहीत, नाव लिहीत नाहीत, आणि परत येताना मागे वळून बघत नाहीत. मूल इथे अडकू नये, पुढे जावं, असा त्यामागचा विचार असावा. मला कोणी कारण सांगितलं नव्हतं. शाळेतले लोक आजोबांना म्हणत होते की शहराबाहेर दफनभूमी आहे, तिथे न्या. तेव्हा शेजारीण मध्ये आली. "बाहेर कशाला? पाहुण्याचं मूल असं बाहेर झोपत नाही. आमच्या अंगणात ठेवा, सासूबाईंजवळ. मी त्यांच्याभोवती झाडते, हिच्याही भोवती झाडेन."

तिथेच ठेवली. दुसऱ्या दिवशी शेजारणीने गवंडी बोलावला. आजोबा म्हणाले, "सिमेंट नको. आमच्यात करत नाहीत."

"नुसता छोटा चौकोन. नाव पाहिजे ना?"

"नाव नको."

"मग ओळखायचं कसं?"

"ओळखायचं नसतं," आजोबा म्हणाले.

तिने गवंड्याला परत पाठवलं. मला ते तेव्हा बरोबर वाटलं. आम्ही दोघांनी मागे वळून बघितलं नाही, आणि त्यालाच आम्ही धीर समजत होतो.

शाळेतल्या सगळ्यांनी त्या दिवसापासून मला 'मॅडम' म्हणायला सुरुवात केली. चांगल्या भावनेने, मुलीचं नाव तोंडी येऊ नये म्हणून. एकटी शेजारीण मुलीच्या नावाचीच हाक मारत राहिली, कुंपणापलीकडून, मोठ्याने, अमुकची आई, आज बाजाराला येणार का? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आत जाऊन दार लावून घेतलं. नंतर त्या हाकेची वाट बघायचे. त्या देशात माझ्या मुलीचं नाव फक्त तेवढ्यापुरतं उरलं होतं.

पुढे आम्ही इंग्लंडला आलो, तुमचा बाबा झाला. इथे मला त्याच्या नावाची आई म्हणू लागले. दुसरं नाव या घरात कोणी उच्चारलं नाही. आजोबांनी नाही, मी नाही. भांडण नव्हतं. ठरवलंही नव्हतं.

तुमच्या बेटावर संध्याकाळच्या प्रार्थनेला झाडाला टांगलेल्या रिकाम्या गॅस सिलिंडरवर ठोके पडतात आणि सगळं गाव थांबतं. रस्त्यावरचे रस्त्यावर, अंगणातले अंगणात. आमच्या परतीच्या आदल्या दिवशी ठोके पडले तेव्हा आम्ही दोघं ओट्याच्या कडेला होतो. आतून तुमच्या घरमालकीणबाईंच्या गाण्याचा आवाज येत होता. आजोबा दगडावर कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवत होते, एकेक अक्षर. त्यांना ती भाषा येत नव्हती. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपण लावायला हवा होता."

प्रार्थना संपली आणि तुम्ही दोघं चेंडू घेऊन धावत आलात. विमानात त्यांनी तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. तो पुढचा हिवाळा त्यांचा शेवटचा ठरला.

तुमची मागणी आली तेव्हा मी लगेच नाही म्हटलं नव्हतं. 'विचार करते' म्हटलं होतं. तो विचार म्हणजे मी इबादानला फोन केला. शेजारीण काही वर्षांपूर्वी गेली. जी मुलगी माझ्या बाळाला पाठीवर बांधायची ती आता स्वतः आजी आहे, आणि आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर सणासुदीला बोलतो. उन्हाळ्यात त्यांचं आणि रीडिंगचं घड्याळ एकच असतं, त्यामुळे वेळेचा हिशोब करावा लागत नाही. मला वाटत होतं, आजोबांना माझ्या मुलीजवळ ठेवावं. आणि आता तरी सिमेंटचा चौकोन करावा, दोघांना मिळून एक.

ती फोनवर आनंदाने ओरडलीच. "आंटी! या, या, कधी येता?" मी कारण सांगितलं. मला वाटलं, लाइन गेली.

"आंटी, मागे आता खोल्या काढल्यात. भाडेकरू आहेत. बाकीचं अंगण सिमेंटचं केलं, पावसात चिखल व्हायचा."

"आजीची कबर?"

"आजीची आहे ना. तिच्यावर नाव होतं, तेवढी सोडून सगळं केलं."

"आणि आमची?"

"आई रोज तिथे झाडायची. आम्हाला सांगायची, इथे चूल मांडू नका, इथे बकरी बांधू नका. ती असेपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. पण 'इथे' म्हणजे नक्की कुठे, ते... आंटी, मी तिला पाठीवर घेऊन फिरायचे. आणि मला जागा दाखवता येत नाही. आईला विचारून ठेवायला हवं होतं. सॉरी, आंटी. सॉरी."

मी म्हटलं, "तुझी काही चूक नाही." मग तिने मला हाक मारली, तिच्या आईसारखी, त्या नावाची आई. चाळीस वर्षांनी. मी फोन ठेवल्यावर टॉवेलांचं कपाट उघडून उभी राहिले. आत ऊब होती.

आता तुम्हाला कळेल, तुम्हाला 'नाही' का म्हटलं. तुमच्या बाबाचं समुद्रातल्या प्रवाळांच्या अभ्यासाचं काम काही वर्षांचं आहे. ते संपलं की तुम्ही दुसरीकडे जाल. जमीन घरमालकीणबाईंच्या कुटुंबाची आहे, घर भाड्याचं आहे. तुम्ही विमानात बसाल, खाली बेट दिसेल, मग ढग येतील, आणि आजोबा तिथे राहतील. घरमालकीणबाई गवत काढतील, याबद्दल मला मुळीच शंका नाही. त्या शब्दाच्या पक्क्या आहेत. माझी शेजारीणही होती. पण असा शब्द देणाऱ्या माणसाबरोबरच संपतो. त्यांच्या नातवंडांनी एका परक्या म्हाताऱ्याची आठवण का ठेवावी?

तुमचा बाबा म्हणाला, "आई, अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे ठेवू. पोरांचं समाधान होईल."

मी म्हटलं, "अर्धं इकडे, अर्धं तिकडे असं मी जगले आहे. त्यांचं तसं करणार नाही."

जरा कठोरपणे म्हटलं. त्याला लागलं असेल. आता तो हे वाचतोच आहे.

मी इथल्या कौन्सिलच्या दफनभूमीत एक छोटी जागा घेतली. अस्थींसाठी तशी मिळते. दगडही लावला. माझी इथली मैत्रीण, पुण्याची, माझ्यापेक्षा धार्मिक, ती म्हणाली, "अहो, आपल्यात दगड लावतात का कधी?"

"नाही लावत."

"मग नदीत सोडायच्या. थेम्स इतक्या जवळ आहे. सगळे तेच करतात."

"नदीत नाव लिहिता येत नाही."

दगड बसवायच्या दिवशी मात्र ती छत्री धरून माझ्याबरोबर उभी राहिली, आणि घरी गेल्यावर तिने नक्की अंघोळ केली असणार. मी केली नाही.

दगडावर दोन नावं आहेत, वर मुलीचं, खाली आजोबांचं. इंग्रजी अक्षरांत, म्हणजे तुम्हाला वाचता येतील. दगड घडवणाऱ्या मुलाने विचारलं, दुसऱ्या व्यक्तीच्या अस्थी नंतर येणार आहेत का. मी म्हटलं, नाही येणार, फक्त नाव कोरा. हा दगड पुढे कोण पुसणार, हे मलाही माहीत नाही. तुम्ही तिकडे, मी किती दिवस इथे. तरी दगडाला निदान कोणाला विचारावं लागत नाही की 'इथे' म्हणजे कुठे.

मी तुम्हाला फोटो पाठवला. थोरला रागावलेला होता, तो फोनवर आलाच नाही. रागावू दे. मी त्याच्या जागी असते तर मीही रागावले असते. धाकटी आली. तुमच्याकडे सकाळ होती, तिच्या केसांना अजून फणी लागली नव्हती. तिने फोटो जवळ धरून वरचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. मी ते नाव मुलाच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

"आजी, ही कोण?"

"तुझी आत्या. बाबाची मोठी बहीण."

"ती पण तिथे आहे, आजोबाबरोबर?"

"नाही."

"मग ती कुठे आहे?"

"नायजेरियात. एका अंगणात."

"कुठल्या बाजूला?"

तुमच्या अंगणात प्रत्येकाची बाजू ठरलेली असते, म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, "माहीत नाही, बाळा."

पडद्यावर छत दिसलं, पंखा दिसला, आणि तुमच्या बाबाचा आवाज आला. त्याने फोन घेतला होता, पण चेहऱ्यासमोर धरला नव्हता.

"आई," तो म्हणाला, "दिसायला कशी होती ती?"

मी सांगायला लागले. मला वाटलं होतं आठवणार नाही. सावळी होती, तुझ्यापेक्षा. पाय जाडजूड. धरायला काही मिळालं की उभी राहायची आणि मग खाली कसं बसायचं ते कळायचं नाही, म्हणून रडायची. केस माझ्यावर गेले नव्हते, बाबांवर गेले होते. कितीही तेल लावलं तरी उभेच राहायचे.